हलकं आणि टिकणारं

शनिवार होता. सकाळची वेळ, आणि लाइट गेलेली. दोन हजार चारच्या आसपासची ही गोष्ट. तेव्हा आमच्या इंदिरानगरात लाइट इतकी वक्तशीर जायची की तिच्यावर घड्याळ लावावं. मिक्सर बंद म्हणून मी खलबत्त्यात दाण्याचं कूट करत बसले होते. आमचे हे, नाशिक रोडच्या प्रेसमध्ये नोकरीला, एक मोजा घालून दुसरा शोधत होते आणि तो मीच लपवला असणार अशा नजरेने अधूनमधून माझ्याकडे बघत होते.

तेवढ्यात दार वाजलं. बेल बंद, त्यामुळे थाप मारणार हे खरं. पण ही थाप अशी की भिंतीवरचं कॅलेंडर हललं.

"सांगळे," हे मोजा शोधता शोधताच म्हणाले. "दुसऱ्या कोणाचा हात नाही हा."

दारात कारभारी सांगळे उभे होते. आमच्या खालच्याच मजल्यावर राहायचे. एवढा एक जिना चढून आले होते आणि दाराच्या चौकटीला धरून धापा टाकत होते. एका हातात स्टीलचा डबा, मनगटाला प्लॅस्टिकची पिशवी.

"वहिनी," श्वास जरा खाली बसल्यावर ते म्हणाले, "तुमचा तो केकचा काटा द्या ना जरा."

केकच्या क्लासला जायचे तेव्हा मी एक छोटा वजनकाटा घेतला होता. केक कधी फुगले नाहीत, पण काटा चांगला निघाला.

"देते की भाऊ. काय मोजायचंय?"

"नाष्टा."

मी काटा टेबलावर ठेवला. भाऊंनी डबा उघडून बाजरीची भाकरी काढली आणि काट्यावर ठेवली. काटा सरसर पुढे गेला. ती उचलली आणि पिशवीतल्या दोन खाऱ्या ठेवल्या. काटा जेमतेम जागचा हलला. मग मूठभर तळलेल्या पोह्यांचा चिवडा. मग एक पुरी, टम्म फुगलेली, डब्याच्या झाकणाखाली जपून आणलेली.

"बघा!" भाऊ म्हणाले. "मी मैनाला तेच म्हणत होतो. खारी लय हलकी. चिवडा बी हलका. पुरीत तर नुसती हवा."

"सांगळे, फुगा खा," हे आतून ओरडले. "त्याच्याहून हलकं काही मिळायचं नाही."

भाऊ हसले नाहीत. खुर्चीवर बसले आणि खिशातून एक जाड कागदी तिकीट काढून त्यांनी माझ्यापुढे धरलं. नाशिक रोड स्टेशनवर लाल-हिरव्या दिव्यांचं वजनाचं मशीन होतं ना, नाणं टाकलं की तिकीट बाहेर पडायचं, त्यातलं ते. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य.

"तीन आठवडे झाले, सकाळी हलक्याशिवाय काय बी खाल्लं नाय. आन वजन दोन किलो वाढलं. म्हंजी खारीवाला फसवतोय का काय, म्हणून मोजाया आलो."

मी तिकीट उलटलं. मागे छापलं होतं: 'आपण लवकरच उच्च स्थानी विराजमान व्हाल.'

"ते बरोबर हाय," भाऊ घाईघाईने म्हणाले. "त्याच्यावरच तर जीव अडकलाय."

ते उच्च स्थान म्हणजे काय, ते आधी सांगते.

कारभारीभाऊ सातपूरच्या एका कारखान्यात क्रेन चालवायचे. रस्त्यावरची क्रेन नव्हे. कारखान्याच्या शेडमध्ये छपराखाली रुळांवर सरकणारी, दहा टन उचलणारी. तिला एक लोखंडी केबिन आणि केबिनला उभी शिडी. भाऊ सिन्नरकडच्या खेड्यातून नाशकात आले ते हेल्पर म्हणून. जमिनीवर साखळ्या ओढायचे आणि मान वर करून क्रेनकडे बघायचे. एकदा जुना ऑपरेटर आजारी पडला, साहेबांनी "कोण चढतो?" विचारलं, आणि भाऊ हात वर करायच्या आधीच अर्ध्या शिडीवर होते. तेव्हापासून ते वरच. खाली लेथ मशीनचा गोंगाट, तेलाचा वास, सुपरवायझरची बडबड. वर आपण, एक खुर्ची, चार दांडे आणि पायाशी घंटा. लोखंडाचा गाडीएवढा तुकडा ते असा खाली टेकवायचे की खालच्या माणसाला साखळी सैल पडल्यावर कळायचं, अरे, टेकला की. कॉलनीत गणपतीची मूर्ती टेम्पोतून उतरवायची झाली तरी सगळे म्हणायचे, सांगळ्यांना बोलवा. उचलायला नाही, नुसतं "हळू... हळू... थांब" म्हणायला.

त्यांच्या बायकोची, मैनाची, एक वेगळीच अडचण होती. तिच्या माहेरी नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नाही. खेड्यातल्या बाकीच्या बायका 'आमचे कारभारी' म्हणून मोकळ्या होतात. पण हिच्या नवऱ्याचं नावच कारभारी! घ्यायचं नाही ते नाव आणि नाव टाळायला वापरायचा तो शब्द, दोन्ही एकच. शेवटी तिने मार्ग काढला. ती त्यांना 'क्रेन' म्हणायची. "ताई, आमची क्रेन आज उशिरा यायचीय." "क्रेनला दोन दिवस ताप हाय." नवीन माणसाला वाटायचं, सांगळ्यांचा मोठा धंदा आहे.

तर ही क्रेन अलीकडे शिडी चढताना मध्येच थांबायला लागली होती. कंपनीत तपासणी झाली. वजन चौऱ्याण्णव, श्वास लागतो, साखर काठावर. डॉक्टर म्हणाले, "सांगळे, तीन महिने देतो. पंच्याऐंशीवर या. वजन उतरवा, नाहीतर मला तुम्हाला उतरवावं लागेल." उतरवून कुठे, तर स्टोअरला. खिडकीमागे बसायचं आणि कामगारांना हातमोजे आणि साबणाच्या वड्या वाटायच्या.

"साबण वाटू मी वहिनी?" भाऊ मला म्हणाले. "एवढी वर्षं वरून सगळ्यांची टाळकी बघितली. आता खाली बसून त्यांची तोंडं बघू?"

"डॉक्टर खाण्याचं काय म्हणाले होते? नीट सांगा. अगदी त्यांच्या शब्दांत."

भाऊ सरळ बसले. "म्हणले, सकाळी हलकं खा. आन दुपारच्या सुट्टीपर्यंत टिकेल असं खा."

"मग?"

उत्तर दारातून आलं. मैना वर आली होती, पदराला हात पुसत. "मग काय ताई, तेच तर करतोय. हलकं पायजे आन टिकणारं पायजे. खारी महिनाभर टिकती. टोस टिकतो. चिवडा तर पंधरा दिवस कुठं जात नाय. दुपारपर्यंतचं काय घिऊन बसलात?"

हे मोजा हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. सापडला होता, पण घालायचं भान नव्हतं.

खरं सांगायचं तर दोघांची काही चूक नव्हती. डॉक्टरांचे दोन शब्द त्यांनी घरी आणले, प्रामाणिकपणे वापरले. हलकं म्हणजे हाताला हलकं. टिकणारं म्हणजे न नासणारं. या दोन चाळण्यांतून जे खाली पडलं ते सगळं बेकरीत आणि फरसाणाच्या दुकानात मिळत होतं.

मी समजावायला गेले. खारीत डालडा असतो, चिवडा तळलेला असतो, हलकं म्हणजे अंगावर न चढणारं, टिकणारं म्हणजे पोटात टिकणारं. भाऊंनी खारी तळहातावर घेतली, वर-खाली केली आणि माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "वहिनी, एवढीशी ही. मुठीत धरली तर कळत बी नाय."

मग मी कालचा पेपर पसरला. त्यावर खारी, चिवडा, पुरी आणि भाकरी जवळजवळ मांडली. वर पोळपाट दाबून ठेवला. ह्यांचा चहा होईपर्यंत थांबलो आणि पोळपाट उचलला. पुरीखालचा कागद असा पारदर्शक झाला होता की मागच्या पानावरची मंगल कार्यालयाची जाहिरात फोन नंबरासकट वाचता येत होती. चिवड्याखाली नुसतं कार्यालयाचं नाव. खारीखाली मोठा पिवळा डाग. भाकरीखाली कोरडा कागद.

भाऊंनी त्या जाहिरातीवर बोट टेकवलं. "हे सगळं माझ्या पोटात गेलं?"

"कार्यालयासकट," हे म्हणाले आणि बस गाठायला पळाले.

त्या दिवसापासून भाऊंच्या नाष्ट्याचं खातं माझ्याकडे आलं. मी काही आहारतज्ज्ञ नाही, पण कॉलेजात शास्त्र शिकले होते आणि पेपरच्या पुरवण्या वाचत होते. पुरवणीत लिहिलं होतं, सकाळी फक्त फळं घ्यावीत. सोमवारी मी पपईचा डबा भरून दिला. मोठा, फोडी करून, वर लिंबू पिळून.

सोमवारी काय झालं ते संध्याकाळी सगळ्या बिल्डिंगला कळलं. पपई, भाऊंच्या म्हणण्याप्रमाणे, "शिडीच्या अर्ध्यातच संपली." पोटात म्हणायचं होतं त्यांना. चहाच्या आधीच डोळ्यांपुढे बटाटेवडे दिसायला लागले. खाली उतरायचं तर पुन्हा शिडी, आणि शिडीचीच तर भीती. त्यांनी घंटा वाजवून खालच्या एका माणसाला खुणावलं. तो कँटीनमधून दोन वडे घेऊन आला. मग भाऊंनी क्रेन अगदी सावकाश त्याच्या डोक्यावर आणली, हूक खाली सोडला, त्याने वड्यांची पिशवी हुकाला अडकवली आणि भाऊंनी ती हलक्या हाताने वर घेतली.

दहा टनांची क्रेन. खाली दोन बटाटेवडे. पिशवी छपराखालून तरंगत चाललेली आणि सगळी शेड मान वर करून बघतेय.

सुपरवायझरही बघत होते. त्यांनी भाऊंना खाली बोलावून घेतलं. "सांगळे, तुमची डॉक्टरकडची तारीख लागलीय ना? पुन्हा हुकाला लोखंडाशिवाय काही दिसलं, तर डॉक्टरची वाट न बघता मीच स्टोअरला पाठवीन."

"वहिनी," संध्याकाळी भाऊ माझ्या ओट्याशी येऊन म्हणाले. राग नव्हता, काकुळती होती. "हलकं तर द्या. पण जरा टिकणारं द्या. तुमच्या अर्थाचं टिकणारं."

तेव्हा मी पुरवण्या रद्दीत टाकल्या आणि आम्ही तिघांनी नीट विचार सुरू केला. नियम एकच. सकाळी जे खाल्लं ते कुठपर्यंत पुरलं हे भाऊंनी रोज येऊन सांगायचं. ते घड्याळाच्या भाषेत सांगायचेच नाहीत. "कॉर्नफ्लेक्स? गेटपर्यंत. वॉचमनने नमस्कार केला तवा भूक लागली होती." "पोहे पहिल्या चहापर्यंत. पण चहासंगं बिस्कुट मागितलं मनाने." "उपमा बरा होता, भाज्या लय टाकल्या होत्या मैनाने, दुसऱ्या लोडिंगपर्यंत आला. मग मी घंटा जरा जोरात वाजवली म्हणे." घंटेवरून शेडला त्यांचं पोट कळायचं. खालची पोरं घंटा ऐकून म्हणायची, आज सांगळेदादांना काहीतरी पातळ दिलंय.

हळूहळू एक गोष्ट ध्यानात आली. ज्यात डाळ किंवा मोड आलेलं कडधान्य होतं, ते पुढे जात होतं. ज्यात कोंड्यासकट धान्य होतं, तेही. नुसतं गोड किंवा नुसतं मऊ, ते गेटवरच गळत होतं. मग आम्ही मुगाची डाळ सालासकट भिजवून वाटायला लागलो, त्यात नागलीचं, म्हणजे नाचणीचं पीठ, आलं, मिरची, किसलेला दुधी किंवा गाजर. त्याची धिरडी, तव्याला तेलाचा नुसता पुसट हात. बरोबर वाटीभर ताक. कधी अर्धी भाकरी आणि मोड आलेल्या मटकीची उसळ.

पण तो तेलाचा हात, तिथे महाभारत झालं. मैनाचा तेलाचा हात म्हणजे धार. कॅन तिरपा करायची आणि बोलता बोलता विसरायची.

"ताई, एवढ्याशा तेलात धिरडं म्हंजी सासूने केल्यासारखं वाटतं," ती म्हणाली. "उद्या कोणी बघितलं तर म्हणंल, मैना नवऱ्याच्या पोटावर मारती."

"मैना, तू त्यांच्या पोटावर मारशील तरच ते क्रेनवर राहतील."

मग तिने स्वतःच एक स्वच्छ फडकं फाडून त्याची पुरचुंडी बांधली, तेलात बुडवली, पिळली आणि तव्यावर फिरवली. "घ्या. क्रेनसाठी एवढं पण करते."

धिरड्याच्या पहिल्या दिवशी भाऊ संध्याकाळी आले ते गाणं गुणगुणतच. "वहिनी, दुपारचा भोंगा झाला तरी मला कळलं नाय! खालून ओरडून सांगितलं, दादा, जेवायचं नाय का?" त्यांच्या तोंडावर असं आश्चर्य होतं, जसं कोणी दुसऱ्याचंच पोट त्यांना बसवलं आहे.

म्हणजे सगळं सुरळीत झालं असं नाही. मिसळ होतीच. नाशकात राहून मिसळ सोडायची म्हणजे काय ते नाशिककरालाच कळेल. एका रविवारी (कारखान्याची सुट्टी शनिवारी असायची) भाऊ कामावरून परतताना इतके उशिरा आले आणि इतके सज्जन दिसत होते की मैनाने त्यांच्या शर्टाची बाहीच हुंगली.

"मिसळीत मटकीच असती ना वहिनी?" न्यायनिवाड्यासाठी ते माझ्याकडे आले. "मोड आलेली. तुम्हीच म्हणता, मटकी चांगली."

"मटकी चांगलीच भाऊ. पण ती तर्रीत पोहत होती ना?"

"पोहत होती. मी काठाकाठाने खाल्ली."

"आणि पाव?"

"पाव हलका असतो..." असं म्हणून ते स्वतःच थांबले आणि खाली निघून गेले. त्या आठवड्यात ते जिना मुद्दाम दोनदा चढायचे. मला वर पावलं ऐकू यायची, दाराशी यायची, कोणी थाप मारायचं नाही, परत खाली जायची. धाप मात्र पूर्वीइतकी नव्हती.

तपासणीचा दिवस आला. डॉक्टरांनी निरोप पाठवला होता की घरी स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीलाही आणा. मैना एकटी यायला तयार नव्हती. "माझ्या तोंडून भलतंच निघंल. ताई, तुम्ही चला." भाऊ रिक्षात पुढे ड्रायव्हरशेजारी बसले आणि सातपूरपर्यंत मनातल्या मनात भाषण घोकत होते. ओठ हलत होते. अमुक वर्षं सेवा, एकही अपघात नाही, कधी उशीर नाही, वगैरे.

डॉक्टरांनी त्यांना काट्यावर उभं केलं. भाऊंनी चपला काढल्या, घड्याळ काढलं, खिशातली किल्ली काढली, पाकीट काढून मैनाच्या हातात दिलं. मग थोडा विचार करून रुमालही दिला.

सत्त्याऐंशी. अजून दोन किलो बाकी होते.

मैनाचा चेहरा उतरला. डॉक्टरांनी भाऊंना दवाखान्याचा जिना दोनदा चढून-उतरून यायला सांगितलं, छातीला नळी लावली, नाडी धरली, साखरेचा रिपोर्ट बघितला. मग मैनाकडे वळले.

"वहिनी, सकाळी काय देता यांना? हलकंच देता ना?"

"नाय साहेब," मैना ठामपणे म्हणाली. "हलकं आम्ही बंद केलं."

डॉक्टरांचा पेन थांबला. "बंद केलं? मी सांगितलं होतं, हलकं आणि टिकेल असं..."

"टिकत बी नाय ते," मैना आणखी प्रामाणिक झाली. "उरलं तर संध्याकाळी आंबतं. रोज ताजं करावं लागतं."

डॉक्टरांनी चष्मा काढला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग भाऊंकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मी मान खाली घातली, नाहीतर मला हसू आवरलं नसतं. मग मीच सगळं सांगितलं: खारी, टोस्ट, चिवडा, पेपरवरचा डाग, मूग, नागली, फडक्याची पुरचुंडी. वड्यांचं सांगितलं नाही. ते त्यांना आधीच माहीत होतं. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यावरून कळत होतं. खारी महिनाभर टिकते हे आलं तेव्हा मात्र ते खुर्चीत मागे रेलून इतके हसले की नर्स डोकावून गेली.

हसू संपलं. त्यांनी कागद पुढे ओढला. त्यावर दोन चौकटी होत्या. कामास योग्य आणि काम बदलावे.

"सांगळे," ते म्हणाले, "श्वास चांगला आहे. साखर खाली आलीय. पण मी पंच्याऐंशी म्हटलं होतं, आणि तुम्ही अजून त्याच्या वर आहात. नियमाने मला तुम्हाला स्टोअरला पाठवता येतं. तुमचं काय म्हणणं आहे?"

खोलीत पंखा फिरत होता. भाऊ उभे राहिले. रिक्षात घोकलेलं भाषण आता सुरू होणार म्हणून मी सरसावून बसले. त्यांचे ओठ हलले, एकदा, दोनदा. भाषणातलं एकही वाक्य बाहेर आलं नाही. त्यांनी मैनाच्या हातातून आपला रुमाल घेतला, कपाळ पुसलं, आणि म्हणाले:

"साहेब, मला दिवाळीपर्यंत क्रेनवर राहू द्या. उरलेले दोन किलो तवर उतरवतो, नाय उतरले तर मीच साबण वाटाया खाली येतो."